पांढरं पडेपर्यंत

आमच्या बर्न्स वॉर्डात माझ्या माघारी मला ‘उशीचोर’ म्हणतात. सकाळी साडेआठला वॉर्डात शिरले की पहिलं काम तेच. गळा आणि छाती भाजलेल्या पेशंटच्या डोक्याखाली रात्रीतून कुणीतरी काहीतरी सरकवलेलं असतंच. उशी मी आदल्या दिवशी उचलून नेलेली असते, म्हणून मग घडी केलेली शाल, टॉवेलात गुंडाळलेली कपड्यांची पिशवी, एकदा तर पाच किलो तांदळाची पिशवी. मी ते ओढून काढते आणि उलट खांद्यांखाली चादरीची वळकटी सारते. मान मागे जाते, हनुवटी छताकडे होते, पेशंट कण्हतो. सोबतीला असलेली आई, सासू, मावशी, जी कोण असेल ती म्हणते, ‘‘जरा आराम तरी पडू दे की ओ तिला.’’

आराम. फिजिओथेरपीची एकवीस वर्षं झाली, त्यातली सतरा भाजलेल्यांमध्ये गेली, आणि या एका शब्दाशी माझं अजून जमलेलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळ्याबरोबर तो घेऊन येतो. ताप आला तर आराम करा, बाळंत झालात तर आराम करा, हे ठीक. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत आराम वाटतो, नेमक्या त्याच स्थितीत त्याचं अंग कायमचं अडकतं. कोपर भाजलं की माणूस हात पोटाशी घेऊन बसतो, काख भाजली की दंड छातीला चिकटवतो, गुडघ्याची खळगी भाजली की पाय दुमडून कुशीवर निजतो. तसं केलं की कातडं सैल पडतं, दुखणं कमी होतं. आणि जखम भरताना कातडं त्याच मापाचं होऊन बसतं.

जखम आपली आपण मिटते तेव्हा ती नुसती भरत नाही, आकसते. खोल भाजलेल्या जागी अशा पेशी तयार होतात की ज्या अर्ध्या जोडऊतीच्या आणि अर्ध्या स्नायूच्या. त्या कडेकडून आत ओढत राहतात. उन्हात घातलेला पापड कडेनं वळायला लागतो ना, तसं. तेवढ्यासाठीच तर सर्जन मांडीचं कातडं काढून तिथं लावतात. त्यानं ओढ कमी होते, थांबत नाही. कातडं जितकं पातळ लावावं तितकं ते पुढे जास्त आकसतं. व्रण निवायला, म्हणजे लाल, टणक, खाजरा आहे तो फिका, मऊ, सपाट व्हायला, वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी दोन. सर्जनचं काम दोन तासांचं. दोन वर्षांचं माझं, आणि त्यातलं खरं पेशंटचं. मी आठवड्यातून एकदा भेटणारी बाई.

पण आधी पाच दिवस मीच हलू देत नाही.

लावलेलं कातडं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय हे पटत नाही. हंबी नाईफ नावाची लांब पात्याची सुरी असते, पात्यासमोर एक दांडी, तिच्यावरून जाडी ठरवता येते. त्या सुरीनं मांडीवरून जे निघतं ते मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, प्रकाशात धरलं तर आरपार दिसेल असं. भाजलेली जागा मोठी असली की ते यंत्रातून काढून त्याला बारीक चिरा पाडतात. मग ते ताणलं की जाळी होते आणि दीडपट, तिप्पट जागा झाकते. भाजलेल्या जागेवर ते पसरतात, टाके किंवा पिना मारतात, वर जाड ड्रेसिंग. त्या घडीला त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस ते खालून पाझरणाऱ्या रसावर जगतं. मग खालच्या केशवाहिन्या वरच्या वाहिन्यांना तोंड लावतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त खेळायला लागतं. या दिवसांत ते जरासं सरकलं, खाली रक्ताची गुठळी साठली, पू झाला, की ते गेलं. आमच्याकडे पेशंट ‘कातडं लावलं’ म्हणतात आणि पाचव्या दिवशी विचारतात, ‘‘धरलं का?’’ भाताच्या रोपाला वापरतात तेच दोन शब्द. लावणी झालेलं रोप धरलं का म्हणून कुणी उपटून बघत नाही. हे एवढं सांगितलं की आमच्या भागातला शेतकरी पाच दिवस हात हलवत नाही, दुसरं काही समजवावं लागत नाही.

गंमत अशी की त्या पाच दिवसांत त्यांची तक्रार असते ती मांडीची. जिथनं कातडं काढलं ती जागा उघड्या खरचटल्यासारखी ठणकते, कारण तिथले मज्जातंतू शाबूत असतात. ‘‘भाजलं तवा एवढं दुखलं न्हाई म्याडम, ह्या डॉक्टरनं मांडी सोलली तवापासनं जीव जातोय.’’ ती दहा-पंधरा दिवसांत आपली आपण भरते. तिच्याकडे मी फारसं बघत नाही.

आता उशीचं सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, गाव दुसरं, इस्पितळ दुसरं. वीसएक वर्षांची मुलगी, गळा आणि छाती. कातडं छान धरलं होतं. दहा-बारा रात्री तिला नीट झोप नव्हती. एका संध्याकाळी आईनं तिच्या मानेखाली उशी दिली आणि ती लहान पोरासारखी गाढ झोपली. मी दारात उभी राहून बघितलं आणि निघून आले. दुसऱ्या दिवशीही काढली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला बघून हात जोडले, मग तर झालंच. घरी जाताना फोमची कॉलर हातात दिली, ‘घालत जा’ म्हणाले. घालायची किती तास, काढायची कधी, मान मागे नेऊन छत कसं बघायचं, यातलं बरंच घाईत सांगितलं. चार महिन्यांनी ती आली तेव्हा हनुवटी गळपट्टीला टेकली होती. खालचा ओठ खाली ओढला गेला होता, तोंड मिटत नव्हतं, लाळ पुसायला हातात रुमाल. वर बघायचं तर अख्खं धड मागे न्यावं लागत होतं. गळ्यावरच्या व्रणाच्या ताठलेल्या पट्ट्या कापून, मान मोकळी करून तिथं पुन्हा कातडं लावायचं ठरलं, तर भूल देणारे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले, कारण श्वासाची नळी घालायला मान मागे जावी लागते, आणि तिची तर तीच जात नव्हती. शेवटी सगळं झालं. दुसऱ्या मांडीचं कातडं गेलं. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, तिला ठाऊकच नव्हतं की दोष द्यायला कुणी आहे.

केंद्र सरकारच्या भाजण्याविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा अंदाज आहे की देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात, १ लाख ४० हजार मरतात आणि २ लाख ४० हजार अपंग होतात. या शेवटच्या आकड्यात कितीजण आगीमुळे असतील आणि कितीजण उशीमुळे, हा प्रश्न मला पडतो.

आमच्या व्यवसायाच्या समारंभात भाषण करणारा कुणीतरी सुश्रुतापासून सुरुवात करतोच, आणि तिथून पुण्याच्या कुंभारापर्यंत येतो. गोष्ट खरी आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाचं कातडं खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं, दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ते चित्रासह छापून आलं. युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला तिथून चालना मिळाली. ऐकायला मलाही आवडतं. पण ते कातडं देठाला धरून वळवलेलं होतं, रक्त घेऊनच आलेलं. आमचं सुटं काढून लावायचं, त्याची कहाणी एकोणिसाव्या शतकातली, १८६९ चा रेव्हर्डिन, १८७४ चा टिअर्श. आणि दुसरं म्हणजे नाकाला सांधा नसतो. त्यामुळे त्या गोष्टीत माझ्यासारखं पात्र नाही. कावसजीच्या कापलेल्या हाताचं पुढं काय झालं, यात कुणाला रस नव्हता.

मला हाताची माणसं आठवतात. त्यातला एक गुळव्या.

पन्हाळ्याच्या बाजूचा, पन्नाशीला आलेला. गुऱ्हाळात मळी काढताना पाय घसरला आणि उजवा हात काहिलीत गेला. पाण्यानं भाजणं वेगळं आणि पाकानं वेगळं. उतरवायच्या वेळी पाक ११५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि पाणी निथळून जातं तसा तो जात नाही, चिकटून बसतो. हाताची पाठ, मनगट, पुढं कोपराच्या खळगीपर्यंत खोल. तळव्याचं कातडं जात्याच जाड, म्हणून तळवा आणि बोटांची टोकं वाचली, वरवर भाजून भरून आली.

ऑपरेशननंतर हात मी स्प्लिंटमध्ये ठेवला होता. मनगट जरा वर, बोटांची पेरं सरळ पण बुंध्यात वाकलेली, अंगठा बाजूला काढलेला. पोथीचं पान हातात धरून वाचणाऱ्या माणसाचा हात कसा असतो, तसा. भाजलेल्या हाताला मोकळं सोडलं तर तो बरोबर उलटा होतो, बुंध्यात मागे आणि पेरांत आत, कोंबडीच्या पायासारखा. पाचव्या दिवशी सर्जननी ड्रेसिंग उघडलं. कातडं गुलाबी, धरलेलं. जाळीच्या भोकांतून नवी कडा सरकायला लागलेली. गुळव्यानं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, ‘‘ह्यो तर अनारसा झाला की.’’ तेव्हापासून वॉर्डात आम्ही सगळेच मेश ग्राफ्टला अनारसा म्हणतो.

मी त्याला म्हणाले, मूठ करा. झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वेदनेची गोळी अर्धा तास आधी दिलेली, स्नायुबंध शाबूत आहेत हे सर्जननी टेबलवर बघितलेलं, भुलेत बोटं मी स्वतः वाकवून पाहिलेली. हात वळायला काही हरकत नव्हती. पण ‘मूठ करा’ हे माझं वाक्य, त्याचं नाही. हाताला बोटं वळवायचं काही कारण लागतं. मी विचारलं, तुम्ही गुऱ्हाळात करता काय नेमकं? तर म्हणाला, सगळं मजूर करतात, माझं काम बघायचं. बघता म्हणजे? तेव्हा त्यानं डाव्या हातानं दाखवलं. पाक होत आला की थोडा थंड पाण्यात टाकायचा, पाण्यातच अंगठा आणि दोन बोटांत फिरवायचा. गोळी वळली पाहिजे. ती काहिलीच्या काठावर मारली की टण्ण वाजली पाहिजे. वाजली की काहील उतरवायची. चार क्षण आधी उतरवली तर ढेप बसत नाही, चार क्षण उशीर झाला तर गूळ करपतो. अख्ख्या गुऱ्हाळाची कमाई त्या तीन बोटांत.

त्या रात्री मी घरी कणीक भिजवली. दुसऱ्या दिवशी डब्यातून सुपारीएवढे गोळे नेले. त्यानं आधी डाव्या हातानं वळून दाखवली, मग उजवा हात आपणहून पुढे आला. अंगठा तर्जनीला टेकला, मधलं बोट मागोमाग. गोळी चौकोनी झाली. तो चिडला, पुन्हा घेतली. मी कोनमापक काढला नाही, नुसती बसून राहिले. पंधरा मिनिटांत त्यानं सात गोळ्या केल्या आणि तर्जनी बुंध्यात साठ अंशांच्या आसपास वाकत होती, हे नजरेनंच कळत होतं.

तिसऱ्या आठवड्यात ओढायला सुरुवात केली. हे मी शिकवते तेव्हा विद्यार्थ्यांचे डोळे दोनच ठिकाणी असतात, कोनमापकावर नाहीतर पेशंटच्या तोंडावर. अंश वाढले की खूश, पेशंट ओरडला की थांबले. मी म्हणते, दोन्ही सोडा, व्रणाकडे बघा. नवा व्रण लाल असतो, रक्तानं भरलेला. ताणत गेलात की एका जागी तो फिका पडतो आणि मग पांढरा. केशवाहिन्या दाबल्या जाऊन रक्त बाजूला होतं. बस, तिथं थांबायचं. त्याच्या अलीकडे थांबलात तर तुम्ही नुसता हात हलवलात, कातड्याला काहीच कळलं नाही. पलीकडे गेलात तर जाळीच्या कडेला बारीक भेग पडते, रक्ताचा ठिपका येतो, आणि ती भेग भरताना पुन्हा आकसते. पांढऱ्यावर धरून ठेवायचं, हळू श्वास घ्यायला लावायचा, आणि वाट बघायची. मिनिटभरानं हाताखाली काहीतरी सुटल्यासारखं होतं, पांढरा पट्टा जरा अरुंद होतो. मग अजून एवढंसं. झटका कधीही नाही.

हे काम बोटांना कळायला मला चार-पाच वर्षं लागली. कोल्हापुरी चपला शिवणारा एक पेशंट होता, त्याला हे सांगायला गेले तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, ‘‘चामडं वलं हाय तवर वळवायचं. वाळल्यावर ओढलं की फाटतंय.’’ त्याच्या पायाला मला फार शिकवावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात सगळा घोळ तिच्यावर होतो. हाडांना सांधे असतात, कातड्याला नसतात. गुळव्याचं कोपर मी एकटं सरळ केलं तर छान सरळ व्हायचं. मनगट एकटं मागे नेलं तर तेही जायचं. पण कोपर सरळ ठेवून, तळवा वर करून, मनगट मागे नेलं की कोपर हळूच वर उचलायचं, चोरट्यासारखं. कारण मनगटापासून खळगीपर्यंत कातड्याची एकच पट्टी. एका टोकाला दिलं की दुसऱ्या टोकाला घेते. शिकाऊ पोरं एकेक सांधा मोजून वहीत ‘पूर्ण’ लिहितात, आणि पेशंट घरी जाऊन फडताळातला डबा काढायला हात वर करतो तेव्हा डबा डोक्यावर पडतो. म्हणून सगळं एकदम ताणायचं. भिंतीकडे कूस करून उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत बाजूला, तळवा भिंतीला, बोटं मागे. गुळव्याला हे आवडायचं नाही. ‘‘वाटमारीत धरलेल्यागत उभं करताय मला.’’

ताणताना अडतं कुठं, यापेक्षा अडतं कसं हे महत्त्वाचं. व्रण अडवतो तेव्हा शेवटी ओल्या चामड्यासारखी लवचीक ओढ लागते, अजून जरा देईल असं वाटतं. कधीकधी, कोपरात विशेष, शेवटी एकदम टक्क लागतं, दगडावर दगड. तिथं हात काढून घ्यायचा. खोल भाजण्यानंतर काहींच्या कोपराभोवती नको तिथं हाड तयार होतं, आणि त्याच्यावर जोर केला तर दुखणं वाढतं, भलं काही होत नाही. एका तरुण पेशंटचा थोरला भाऊ फार कर्तव्यदक्ष निघाला. मी आठवडाभर रजेवर होते. त्यानं भावाच्या हाताला पिशवी बांधून तिच्यात विटा टाकल्या, रोज एक वाढवत. हात सरळ व्हावा म्हणून. मी आले तेव्हा कोपर सुजून गरम, हालचाल आधीपेक्षा पंचवीस अंशांनी कमी, आणि हाताला लागलं ते टक्क. एक्स-रेवर दिसलंच. भावाला रागवायचं ठरवून बोलावलं, पण तो पिशवी हातात घेऊन आला होता, कितवी वीट चुकली ते विचारायला.

काखेचे पेशंट अजून वेगळे. दंड खांद्याच्या रेषेत बाजूला धरून ठेवणारा स्प्लिंट असतो, त्याला आम्ही विमान म्हणतो. गरम पाण्यात मऊ होणारं स्प्लिंटचं प्लास्टिक महाग, म्हणून बऱ्याचदा प्लास्टरचंच करतो. ते अंगावर घालून माणूस एसटीत चढू शकत नाही. आमच्या एका पेशंटला कंडक्टरनं दीड तिकीट घ्यायला सांगितलं, चेष्टेत, पण त्यानं खरंच काढलं आणि दोन सीट अडवून बसला. त्या दिवसापासून त्याचा विमानाबद्दलचा राग गेला. दीड तिकिटाचा माल फुकट का घालवायचा.

बायकांचं मात्र असं हसण्यावारी नेता येत नाही. स्टोव्ह भडकला, पदर पेटला, गॅस गळत होता. वॉर्डात ही तीन वाक्यं इतकी ठरलेली आहेत की जबाब घेणारा हवालदार पेन टेकवायच्या आधीच लिहायला लागतो. मी मात्र रोज अर्धा तास त्यांचा हात हातात घेऊन बसते, आणि हात हातात असला की माणूस बोलतो. ते काय बोलतात ते मी इथं लिहिणार नाही.

एकीचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेले. व्यायामांची छापील चित्रं तिला दिली होती, ती तिनं बिछान्याखाली ठेवली. मग मी परात मागवली. ज्वारीचं पीठ, कोमट पाणी. तवा नाही, चूल नाही. भाकरी थापायला तळवा पूर्ण उघडावा लागतो, मनगट मागे, बोटं सरळ आणि एकमेकांना लागून, आणि परात फिरवायला दुसरा हात. कुठल्याही यंत्रापेक्षा हे बरं. पहिली भाकरी नकाशासारखी झाली, तिनं मोडून पुन्हा पीठ केलं. रोज पाच थापायची, पाचही मोडायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हळहळायची, ‘‘पीठ बाटतंय गं.’’ दोन महिन्यांनी घरी ती सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची. पण भाजायची जाऊ. तव्यासमोर ही बसली नाही, माझ्याकडे येत होती तोवर तरी नाही. मी आग्रह केला नाही, माझं काम मनगटापर्यंतचं.

घरी जाताना सांगायची यादी लांब असते आणि उन्हाळ्यात सगळी कोसळते. पातळ काढून लावलेल्या कातड्याला ना तेलाच्या ग्रंथी, ना घामाच्या. ते कोरडं पडतं, फुटतं, खाजतं. खाज अशी की पेशंट म्हणतात, आग बरी होती. आणि ज्याचं निम्मं अंग घाम गाळू शकत नाही, त्याला एप्रिल-मेमध्ये दाबाचे घट्ट कपडे दिवसाचे तेवीस तास घालायला आम्ही सांगतो, वर्ष-दीड वर्ष. इलॅस्टिकच्या त्या कपड्यानं व्रण सपाट राहतो, तीनेक महिन्यांत कपडा सैल पडतो, मग नवा शिवायचा. दोन जोड लागतात, एक अंगात, एक दोरीवर. न घालणाऱ्यावर मी ओरडते आणि ओरडताना मला कळत असतं की पत्र्याच्या खोलीत मी स्वतः एक दुपार तो घातला नसता. तडजोड करतो मग. दुपारी दोन तास सुट्टी, ओला पंचा, रात्री नक्की.

तेलाच्या बाबतीत माझी सगळ्यात मोठी मदतनीस म्हणजे आज्या. व्रणाला मालिश करायचं ते घासून नाही. खोबरेल लावून अंगठा टेकवायचा, खालचं कातडं अंगठ्याबरोबर सरकलं पाहिजे, वर्तुळात, पांढरं पडेल इतपत दाबून. हे मी सुनांना, मुलग्यांना दहा वेळा दाखवते. ज्या बाईनं चार नातवंडांना अंघोळ घातलेली असते तिला एकदाही दाखवावं लागत नाही. तिचा हात घेतला की माझा हात नवशिक्याचा वाटतो.

गुळव्या मार्चमध्ये शेवटचा आला. मूठ पूर्ण, कोपर दहा अंश कमी. मी म्हणाले, या दहांसाठी अजून यायला हवं. तो हो म्हणाला आणि आला नाही. माझ्या वहीत अशी पुष्कळ नावं आहेत, दहा अंश शिल्लक ठेवून गेलेली.

डिसेंबरात फोन आला. मागे यंत्राचा आवाज, कुणीतरी चिपाडं आत टाकायला ओरडतंय. गाळप सुरू झालं होतं. म्हणाला, गोळी वळतीय, पहिल्यासारखी. मग जरा थांबून मुद्द्यावर आला. पहाटे थंडीत हात आखडतो, कोपर उघडत नाही. चुलवाणाजवळ घटकाभर बसलं की सैल होतो. ‘‘तुम्ही म्हणला हुता, जाळापासनं लांब ऱ्हावा. आता काय करू?’’

ऊब दिली की व्रण मऊ होतो, हे मीच मुलांना शिकवते. आणि त्याच कातड्याला चटका नीट कळत नाही, हेही मीच. मी विचारलं, किती लांब बसता? म्हणाला, चार हात. मी म्हणाले, सहा हात. आधी तेल लावा, आणि डावा हात उजव्याच्या पुढं धरा, डाव्याला सोसवेना झालं की उठा. मग लगेच भिंतीपाशी जायचं, आठवतंय ना?

‘‘वाटमारी. आठवतंय.’’

आणि कोपराच्या खळगीत ओढल्यावर पांढरं पडतं का अजून?

फोनवर थोडा वेळ नुसतं यंत्र ऐकू आलं. तो बहुतेक बघत होता. ‘‘पडतंय की. बारीक रेघ हाय, दोऱ्यागत.’’ मग कुणीतरी त्याला हाक मारली. ‘‘ठेवतो म्याडम, काहील उतरायची येळ झाली.’’